फॉर्म, मशीन की थर्मल कॅमेरा? डिझर्टेशनसाठी काय घ्यायचं

एमए सायकॉलॉजीला लैंगिक प्रतिसाद हा विषय घेतला की गाईडचा पहिला प्रश्न असतो, मोजणार कशानं? घणसोली ते ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये लटकत मी याच प्रश्नावर दोन महिने घालवलेत, आता एका ज्युनिअरनं तेच विचारलं म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी फॉर्म. बायकांसाठी एफएसएफआय (फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स), 2000 साली आलेला, 19 प्रश्न, सगळे मागच्या 4 आठवड्यांबद्दल, मॅक्झिमम स्कोअर 36 आणि 26.55 किंवा खाली आलं की प्रॉब्लेम असू शकतो असं धरतात. पुरुषांसाठी आयआयईएफ (इंटरनॅशनल इंडेक्स ऑफ इरेक्टाइल फंक्शन), 1997 चा, 15 प्रश्न, त्यातले 6 नुसते ताठरतेवर, म्हणजे मोजणाऱ्यांचं लक्ष कुठे होतं ते कळलंच. फायदा उघड आहे, खर्च नाही, लॅब नाही. पण एफएसएफआयमध्ये बऱ्याच प्रश्नांना 'संबंध आले नाहीत' याचे मार्क शून्य. माझ्याकडे नेरुळची एक ताई होती, नवरा मर्चंट नेव्हीत, जहाजावर, तिचा स्कोअर बघून कुणी म्हणेल हिला ट्रीटमेंट हवी, अगं पण नवराच घरी नाही!

आणि भाषेची गंमत वेगळीच. मी 'उत्तेजना' लिहिलं तर एक काकू म्हणाल्या, उत्तेजनार्थ बक्षीस का गं? 'ओलसरपणा'चा अर्थ दोघींनी अंगावरून पांढरं जाणं असा घेतला आणि तक्रार म्हणून टिक केलं. म्हणजे मी मोजत होते एक आणि उत्तर येत होतं दुसरंच. त्यामुळे पायलट, म्हणजे आधी थोड्या जणांवर चाचणी, न करता फॉर्म वाटू नका, हात जोडून सांगते.

आता मशीन. पुरुषांचं तसं सरळ आहे, पाऱ्यानं भरलेली बारीक रबरी रिंग लिंगाभोवती, ती ताणली की तिचा विजेला होणारा रोध बदलतो, त्यावरून घेर किती मिलिमीटर वाढला ते कळतं. कुर्ट फ्रॉइंड यांनी 1950 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात आकारमान मोजणारं यंत्र वापरलं होतं, तिथून ही लाइन सुरू. बायकांसाठी 1975 मध्ये सिंटचॅक आणि गीअर यांनी टॅम्पॉनएवढा प्रोब आणला, तो योनीत उजेड टाकतो आणि परत आलेल्या उजेडावरून रक्त किती साठलंय याचा अंदाज. पण याला मिलिमीटरसारखं कुठलं पक्कं एकक नाही. म्हणून एकाच बाईचा साध्या आणि कामुक क्लिपमधला फरक बघता येतो, हिच्यापेक्षा तिला जास्त असं नाही म्हणता येत.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 132 अभ्यास एकत्र करून बघितलं, मशीनचा आकडा आणि माणूस स्वतः काय सांगतो याचा मेळ पुरुषांत 0.66, बायकांत 0.26 (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही). लगेच लोक म्हणतात, बघा, बायका खोटं बोलतात. अहो, नाही! पुरुषाला स्वतःचा बदल दिसतो, जाणवतो, आणि दोन्ही मशीन मुळात वेगवेगळी गोष्ट मोजतात. बाईचं शरीर इच्छा नसतानाही प्रतिसाद देऊ शकतं, त्याचा अर्थ तिची संमती होती असा काढणं तर सरळ गुन्ह्याला मदत करणं आहे. तोंडून आलेलं उत्तर चुकीचं आणि मशीनचं खरं, हे मला अजिबात पटत नाही.

थर्मल कॅमेऱ्याचा प्लस पॉइंट हा की काही लावायला नको आणि पुरुष-बाई दोघांचंही जननेंद्रियांच्या त्वचेचं तापमानच मोजायचं, म्हणजे एकच फूटपट्टी. मॅकगिल युनिव्हर्सिटीत 2007 मध्ये तसं केलं तर तापमान शिखराला पोचायला पुरुष-बायकांना लागणाऱ्या वेळात ठळक फरक निघाला नाही. पण मांड्या उघड्या ठेवून कॅमेऱ्यासमोर बसायला आपल्याकडे कोण तयार होणार, आणि एथिक्स कमिटी काय म्हणेल ते वेगळंच.

तेव्हा एमएच्या मुदतीत फॉर्मच घ्या, फक्त टायटलमध्ये 'प्रतिसाद मोजला' लिहू नका, 'प्रतिसादाबद्दल काय सांगितलं' असं लिहा, आणि बायकांचा स्कोअर पुरुषांच्या स्कोअरशेजारी ठेवून कोण वरचढ ते काढू नका. हो, आणि नवरा-बायकोला एका टेबलावर बसवू नका. कळव्याच्या एका घरी काकांनी स्वतःचा फॉर्म भरून झाल्यावर काकूंचाही भरायला घेतला, काकू आत चहा टाकत होत्या.