फिक्सी घ्यावी की रोडबाइक? आधी रस्त्यावरचे चढ बघा

लांबून बघितलं तर दोन्ही सायकली सारख्याच दिसतात. बारीक टायर, हलकी फ्रेम, अनेकदा खाली वळलेलं हँडल. खरा फरक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे. रोडबाइकवर पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरत राहतं. फिक्सीमध्ये मागची दात्यांची चकती हबवर पक्की बसवलेली असते, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. उतारावर, वळणावर, खड्ड्यावरून जाताना, कुठेही पायांना विसावा नाही. बाकीचे जवळजवळ सगळे फरक या एकाच गोष्टीतून निघतात. म्हणून फोटोतली सायकल बाजूला ठेवा आणि आधी आपला रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा.

थोडा हिशोब करू. बऱ्याच तयार फिक्सींना पुढे ४६ आणि मागे १६ दाते असतात. २८ मिलिमीटरच्या टायरवर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण ६.१ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३३ किलोमीटर वेग मिळतो, छान. आता चढ आला आणि वेग ताशी १० वर उतरला, की त्याच गिअरमध्ये मिनिटाला जेमतेम २७ फेऱ्या होतात. म्हणजे सीटवरून उठून, सगळं वजन टाकून एकेक पॅडल दाबायचं. रोडबाइकवर पुढे ३४ आणि मागे ३२ दाते लावले तर त्याच वेगाला ७३ फेऱ्या पडतात, पाय आरामात फिरतात. उतारावर उलटी गंमत होते. ताशी ४५ ला फिक्सीवाल्याचे पाय मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फिरत असतात आणि ते थांबवता येत नाहीत. रोडबाइकवाला तेव्हा पाय आडवे धरून शांतपणे ब्रेकवर बोटं ठेवून बसलेला असतो.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. रस्त्यात लांब चढ-उतार असतील, पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्या मारायचा विचार असेल किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील, तर रोडबाइक घ्या. रस्ता सपाट असेल, अंतर कमी असेल, रोज जायचं-यायचं असेल आणि सायकलमध्ये बिघडण्यासारखं कमीत कमी काही असावं असं वाटत असेल, तर फिक्सी मनापासून घ्यावी अशी वस्तू आहे. चाकाशी पायांचं थेट नातं जुळलं की वेग किती कमी-जास्त करायचा हे पायांनाच कळायला लागतं. पॅडलही गोल आणि एकसारखं मारायची सवय लागते, आणि ती पुढे कुठल्याही सायकलवर उपयोगी पडते. टूर द फ्रान्समध्ये सर्व स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरायची परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी डोंगरातल्या घाटातही गिअर बदलायचा तर बहुतेकांना उतरून मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे. पण ते कसलेले स्पर्धक होते, आणि पहिल्या सायकलीची निवड त्यांच्याकडे बघून करायची नसते.

निर्णय होतच नसेल तर फ्लिप-फ्लॉप हबची सायकल बघा. या हबच्या एका बाजूला पक्की चकती आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारी चकती, बसते. चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, की फिक्सीची साधी एकगिअरी सायकल होते. नवख्याने पहिले काही आठवडे फ्रीव्हीलवर चालवून मग पक्क्या चकतीकडे यावं, हा क्रम मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. गिअर मात्र थोडा हलका ठेवा. मागे १६ ऐवजी १७ दाते लावले तरी चढावर फरक जाणवतो.

ब्रेकबद्दल मी जरा आग्रहाने बोलणार आहे. फिक्सी बिनब्रेकची चालवण्याची पद्धत वेलोड्रोमवरून, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त ट्रॅकवरून आली. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, कुणी मध्येच रस्ता ओलांडत नाही. रस्त्यावर असं काही नसतं. वेग कमी करताना वजन पुढच्या चाकावर सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे पाय रोखून मागचं चाक कितीही घासवलं, तरी पुढच्या चांगल्या ब्रेकइतक्या अंतरात सायकल थांबत नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरला आहे, तरीही पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक लागतोच. दुकानात ‘ब्रेक नंतर लावता येईल’ असं कुणी म्हणालं तर ती सायकल घेऊ नका. दोन्ही ब्रेक असतील तर उत्तमच. फिक्सीच्या पॅडलला पट्टे किंवा क्लिपही हवेत. भर वेगात पाय सुटला तर फिरतं पॅडल नडगीवर आदळतं, आणि वेग आवरायचं निम्मं साधनही हातचं जातं.

देखभालीत सगळे सांगतात की फिक्सीला काही करावं लागत नाही. अर्धं खरं आहे. काम कमी आहे, पण जे आहे ते चुकवून चालत नाही. पहिलं काम चेनच्या ताणाचं. चेनरिंग, म्हणजे पुढची दात्यांची चकती, कधीच अगदी काटेकोर गोल बसत नाही, म्हणून क्रँक (पॅडलचा दांडा) हळूहळू फिरवत चेन जिथे सर्वात ताठ होते ती जागा शोधा. तिथे चेनच्या मधोमध बोटाने दाबलं तर वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलायला हवी. त्याहून ताठ असेल तर हबच्या छर्‍यांवर ताण येतो, फार सैल असेल तर चेन उतरते. रोडबाइकची चेन उतरली तर फार तर हात काळे होतात. फिक्सीची उतरून चकतीत अडकली तर चालत्या सायकलीचं मागचं चाक जाम होतं. ताण बसला की १५ नंबरच्या पान्याने अ‍ॅक्सलचे दोन्ही नट नीट आवळा.

दुसरं काम लॉकरिंगचं, म्हणजे चकतीला जागेवर धरून ठेवणाऱ्या कडीचं. चकती हबवर सरळ आट्यांनी चढते आणि तिच्याबाहेरच्या लॉकरिंगचे आटे उलटे असतात. पाय मागे रोखले की चकती सुटू बघते, तेव्हा लॉकरिंग आणखी आवळली जाते. नवीन सायकलीवर काही दिवस चालवल्यावर चकती थोडी आणखी बसते आणि लॉकरिंग सैल पडते, म्हणून ती पुन्हा आवळून घ्या. जुन्या रोडबाइकच्या साध्या हबवर चकती चढवून फिक्सी करून देणारे भेटतात. त्या हबला उलटे आटेच नसतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. फिक्सीची चेन पुसताना फडकं धरून चाक फिरवायचं नाही. फडकं किंवा बोट चेनरिंगमध्ये ओढलं गेलं तर चाकाचा जोर ते ओढतच राहतो, आणि त्यात बोटं तुटली आहेत. चेन थांबलेली असताना पुसा, मग थोडी पुढे सरकवा, पुन्हा पुसा. बुटाची नाडी आणि पँटची कडाही आत खोचून घ्या.

रोडबाइकची कामं जास्त, पण ती बहुतेक आधी आवाज करून सांगते. नवीन सायकलीच्या केबल आणि त्यांची आवरणं पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि गिअर अडखळायला लागतात. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल, तर मागच्या डिरेलरचा बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी छोटी फिरकी) पाव फेरी बाहेरच्या बाजूला फिरवा. लहान चकतीवर उतरायला वेळ घेत असेल तर पाव फेरी आत. बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात. डिरेलर किती सरकावा हे ठरवणाऱ्या लिमिट स्क्रूला मात्र कारण कळल्याशिवाय हात लावू नका, चुकले तर चेन थेट स्पोकमध्ये जाते. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर मागून उभं राहून डिरेलर बघा. तो आत झुकलेला दिसला तर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा, वाकलाय, तो सरळ केल्याशिवाय कितीही अ‍ॅडजस्ट करून गिअर बसणार नाहीत.

चेनची झीज इंचाच्या पट्टीने मोजता येते. नव्या चेनमध्ये एक पिन शून्यावर धरली तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. हे अंतर १२ आणि एक-सोळांश इंच झालं की चेन बदला. एक-अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबलात तर बहुधा कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) बदलावी लागते. गिअरचे संच निवडताना शिमानोच्या क्लॅरिसला मागे ८, सोराला ९, टियाग्राला १० चकत्या मिळतात. नवख्याला क्लॅरिस पुरतं. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला, आणि फ्रेममध्ये मावत असतील तर २८ मिलिमीटरचेच घ्या.

हवा, ब्रेकचे रबर आणि चाकाचं आउट (फिरताना डगमगणं) हे दोन्हीकडे सारखंच. फिक्सीवर स्किड करायची, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसरवायची आवड असेल तर दाते निवडताना एवढं पाहा: पुढे ४८ आणि मागे १६ असतील तर ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे तोच पाय पुढे ठेवून स्किड केली की टायर प्रत्येक वेळी त्याच जागी घासतो आणि तिथे लवकर भोक पडतं. ४६ आणि १७ घेतले तर तीच झीज सतरा जागांवर वाटली जाते.

जुनी सायकल घेणार असाल तर फिक्सीची चकती काढायला लावून हबचे आटे बघा. झिजलेले, चपटे आटे दिसले तर बाकी सायकल कितीही देखणी असली तरी सोडा. रोडबाइकची पट्टीने चेन मोजा, सगळे गिअर ताण देऊन चालवून बघा. दोन्हीमध्ये मापाला मात्र तडजोड नको. फ्रेम दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभं राहता आलं पाहिजे आणि हँडल धरताना खांदे कानांकडे चढता कामा नयेत.