‘टर्बो गेला’ म्हणाले आणि मी मान डोलावली

माझ्या गाडीचं इंजिन किती टॉर्क देतं हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. दीड लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल, व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो, 250 न्यूटन-मीटर, आणि तेही 1750 आरपीएमपासून. घेताना ब्रोशर पाठ केलं होतं. गाडी आजारी पडली तेव्हा यातला एकही आकडा उपयोगाला आला नाही. त्या वेळी लागतात ते आकडे ब्रोशरमध्ये नसतात. ते मला ठाऊक नाहीत, हे समोरच्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं.

सुरुवात अशी झाली. चढावर ओव्हरटेक करताना गाडीचा जीवच गेला. एक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी 2500 आरपीएमच्या वर काटा सरकेना, चेक लाइट पेटला. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, तर पाच-सात किलोमीटर ठणठणीत. मग परत तेच. याला लिंप मोड म्हणतात. टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, मागितलेली हवा मिळाली नाही की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिन वाचवण्यासाठी डिझेलचा पुरवठा आखडता घेतो. चावी फिरवली की तो पुन्हा विश्वास टाकून बघतो, म्हणून थोडा वेळ गाडी बरी चालते. हे मला आज माहीत आहे. तेव्हा फक्त पोटात गोळा आला होता.

गॅरेज चकचकीत होतं. स्कॅनर लावला, पी0299 कोड आला. फोरमनने टॅब माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर टर्बोचं नाव आणि खाली ‘अंडरबूस्ट’. “साहेब, मशीनच सांगतंय, टर्बो गेला.”

इथे पहिली मेख आहे. तो कोड टर्बो खराब आहे असं म्हणतच नाही. मागितला तेवढा दाब आला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कारणं अनेक असतात: इंटरकूलरचा होस (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाची नळी) फाटलेला, क्लिप सैल, टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्या काजळीने अडकलेल्या, बूस्ट सेन्सर खोटं बोलतोय, त्या पाकळ्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची नळी चिरलेली. आणि हो, कधी कधी खरंच टर्बो गेलेला. फोरमनने यादीतलं सगळ्यात महाग कारण उचललं.

मी बिचकतोय असं दिसल्यावर त्याने एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा होस काढून दाखवला. आत तेल. बोटाला लावून माझ्यासमोर धरलं. मग टर्बोचा शाफ्ट चिमटीत धरून हलवला, तो किंचित हलला. “प्ले आलाय बघा. लाखभर आरपीएमला फिरणारी वस्तू आहे, तुटून पंख्याचा तुकडा इंजिनात गेला तर आख्खं इंजिन बसेल.” हे सगळं त्याने माझ्याच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आणि फोटो काढून पाठवलं, ‘घरी दाखवा’ म्हणून. त्याच फोटोंनी पुढे त्याचा घात केला.

त्याने दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी होती, याचंच मला अजून नवल वाटतं. टर्बो पूर्ण भारावर लाखभर काय, दोन लाखांच्या घरातही फिरतो. होसमध्ये तेल होतं. शाफ्ट हलत होता. फक्त त्याने दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. इंजिनाच्या खालच्या भागातली (क्रँककेसमधली) वाफ ब्रीदरच्या नळीतून त्याच होसमध्ये येते, त्यामुळे तिथे तेलाचा पातळ थर धडधाकट इंजिनातही असतो. तेल साचून ओघळत असेल तर काळजी करायची. आणि शाफ्टचं बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे आडवी किंचित हालचाल असणारच. बघायची असते ती शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, आत-बाहेर होणारी हालचाल. ती हाताला जाणवता कामा नये. शिवाय पंख्याची पाती बाहेरच्या घराला घासल्याच्या खुणा आहेत का, तेही पाहायचं. त्याने यातलं काहीच पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि गप्प बसला.

मी मान डोलावली. सोबत ‘डीपीएफ क्लीनिंग’ही गळ्यात पडलं (डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलायचा आग्रह होता, पण तोवर खिसा रिकामा झाला होता म्हणून ते वाचले. डीपीएफ काढूनच टाका, सॉफ्टवेअरमध्ये बंद करून देतो, गाडी मोकळा श्वास घेईल, असंही एक प्रलोभन होतं. त्याला नाही म्हणालो, हीच या प्रकरणातली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे. आणि इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधली लबाडी शेवटी उघडी पडते, हे 2015 साली फोक्सवॅगनच्या धुराच्या चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात जगाने पाहिलंच.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. बॉनेट उघडून दाखवलं, टर्बो नवाकोरा चमकत होता. ट्रायल घेतली, गाडी पळाली. बिल दोन महिन्यांच्या पगाराएवढं. जुना टर्बो मागितला तर म्हणाले, कंपनीला परत जातो, एक्स्चेंज असतो. तसं असतंही कधी कधी, म्हणून मी वाद घातला नाही.

एकोणीस दिवसांनी, त्याच चढावर, तोच चेक लाइट.

या वेळी एका मित्राने त्याच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी कोड वाचला, पण तिथे थांबले नाहीत. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, चालवा. स्क्रीनवर दोन रेघा होत्या, ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष आलेला दाब. उभ्या गाडीत दोन्ही हजार मिलिबारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेइतक्या. चढावर दाबली तेव्हा मागणी 2200 च्या पुढे गेली आणि प्रत्यक्ष रेघ 1400 च्या आसपास लोळत राहिली. “हवा कमी पडतेय हे नक्की. का, ते आता बघू,” ते म्हणाले. काहीही न खोलता झालेलं हे दहा मिनिटांचं काम पहिल्या ठिकाणी कुणी केलंच नव्हतं.

मग त्यांनी हातपंप काढला. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपसूक तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकचा बूस्टरही त्यावरच चालतो आणि माझ्या गाडीत टर्बोच्या पाकळ्या हलवणारा ॲक्च्युएटरही. (बऱ्याच नव्या गाड्यांत तो इलेक्ट्रिक असतो, त्यांची दुखणी निराळी.) हातपंप थेट ॲक्च्युएटरला लावला: दांडी सुळकन वर गेली आणि तिथेच थांबली. टर्बोच्या पाकळ्या मोकळ्या, ॲक्च्युएटरचा पडदा (डायफ्रॅम) शाबूत. मग तोच पंप सोलेनॉइडकडून (व्हॅक्यूम कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या झडपेकडून) येणाऱ्या नळीला लावला. काटा चढतो आणि पडतो. नळी बाहेर काढली. वीतभर रबरी नळी, टर्बोच्या उष्णतेने टोकाला चिरलेली, आणि त्या चिरेवर गुंडाळलेली काळी इन्सुलेशन टेप. गरम होऊन तिचा डिंक वितळला होता, टेप सुटून लोंबत होती.

मिस्त्रींनी ती टेप बोटावर घेऊन माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. म्हणजे पहिल्या गॅरेजला खरा दोष सापडला होता. सापडल्यावर त्यांनी तो टेपने झाकला आणि मला टर्बो विकला.

“टर्बो तरी नवा आहे ना?” मी विचारलं. त्यांनी कॉम्प्रेसरच्या बाजूची लहान धातूची पट्टी पुसली. तिच्यावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर असतो. फोरमनने पाठवलेला फोटो उघडून मोठा केला. सिरियल नंबर अक्षरन् अक्षर तोच. तरीही ते म्हणाले, थांबा, एवढ्यावरून भांडायला जाऊ नका. रिकंडिशन टर्बोत मधला गाभा बदलतात, बाहेरचं घर आणि पट्टी जुनीच राहते. तसं सांगून ते सुटतील. मग होस काढला आणि टॉर्च मारला. शाफ्ट हलवण्याच्या त्या जुन्या व्हिडिओत पंख्याच्या एका पातीच्या टोकाला बारीक खाच दिसत होती, कधीतरी एखादा खडा आत गेला असावा. तीच खाच, त्याच आकाराची, टॉर्चच्या उजेडात समोर. पंखा हा गाभ्याचाच भाग. म्हणजे गाभाही माझाच. टर्बो काढला, बाहेरून घासून चकचकीत केला, आणि परत बसवला. कदाचित काढलाही नसेल.

बिल नीट वाचलं असतं तर मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. त्यात टर्बो होता, पण इंजिन ऑइल नव्हतं, ऑइल फिल्टर नव्हता, गॅस्केट नव्हतं, तेलाच्या पाइपची तांब्याची वॉशर नव्हती. टर्बो मरतो तो बहुतेक वेळा तेलामुळेच: तेल कमी पडतं, घाण असतं किंवा तेलाचा बारीक पाइप करपून चोंदतो. म्हणून नवा टर्बो बसवताना तेल-फिल्टर बदलतात, तो पाइप साफ करतात किंवा नवा घालतात, आणि चालू करण्याआधी टर्बोत तेल भरतात. हे न करता बसवलेला टर्बो काही दिवसांत पुन्हा खराब होऊ शकतो आणि त्याची वॉरंटीही मिळत नाही. ज्या बिलात टर्बो आहे आणि तेल नाही, तिथे एकतर काम चुकीचं झालंय किंवा झालंच नाही.

डीपीएफचीही तीच गत. त्याचे नटबोल्ट गंजलेल्या अवस्थेत जागच्या जागी होते, पाना लागल्याची खूण नाही. ‘क्लीनिंग’ म्हणजे स्कॅनरवरून रीजनरेशन (काजळी जाळण्याची क्रिया) सुरू करून गाडी उभ्या उभ्या तापवली असणार. साधारण 550 ते 600 अंशांना काजळी जळते. ते काम गाडी हायवेवर एकसारख्या वेगाने चालवल्यावर स्वतःही करते. यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. माझा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा, म्हणजे रीजनरेशन सुरू व्हायचं आणि मी चावी बंद करायचो. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी काजळी जाळण्यासाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. मिस्त्रींनी डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. तेल वाढलंय म्हणून मी खूश होतो! ते पातळ झालेलं तेल टर्बोच्या बेअरिंगला घातक, आणि फारच वाढलं तर इंजिन तेच तेल जाळत चावी काढली तरी सुसाट सुटू शकतं. तेल त्याच दिवशी बदललं, डीपीएफसाठीचं कमी राखेचं.

इंजेक्टरांचंही जाता जाता पाहिलं. चौघांच्या रिटर्न पाइपांना चार छोट्या बाटल्या लावल्या, इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवलं. ज्याची बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरते तो गळका. चारही जवळपास सारख्या भरल्या. बदलायला सांगितलेले चारही इंजेक्टर उत्तम होते. (खरंच बदलले तर प्रत्येकावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो भरल्याचा पुरावा मागा.)

गाडी दुरुस्त झाली ती वीतभर नळीने.

मग फोटो, व्हिडिओ, लोंबती टेप आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो. फोरमन आधी म्हणाला, तो फोटो दुसऱ्या गाडीचा. मग म्हणाला, रिकंडिशन केला होता. मी बिलावरचा ‘नवीन’ हा शब्द दाखवला आणि पातीवरची खाच दाखवली. मग मालक बाहेर आले, आवाज चढवून बघितला. लेखी तक्रार करतो म्हटल्यावर आवाज उतरला. दोन फेऱ्यांनंतर टर्बोचे पैसे मिळाले. मजुरी आणि ‘क्लीनिंग’चे बुडाले ते बुडालेच.

पैसे हातात ठेवण्याआधी मालकांनी मूळ बिल परत मागितलं. मी दिलं. त्याचा फोटो आदल्या रात्रीच काढून ठेवला होता.