स्टँडर्ड लायब्ररी भरगच्च ठेवायची की आटोपशीर? पायथन, गो, रस्ट, रुबी

स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग लँग्वेज लिहायला घेतलीये आणि तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे लँग्वेजसोबत आयत्या मिळणाऱ्या कोडमध्ये, काय काय द्यायचं ते ठरत नाहीये, अशांसाठी हे. लायब्ररी मोठी की छोटी यावर लोक तावातावाने भांडतात, पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाय: आत घेतलेलं चुकलं तर बाहेर कसं काढणार?

पायथनमध्ये सगळंच सोबत येतं. जेसन, सीएसव्ही, झिप, एसक्यूलाइट, इन्स्टॉल केलं की हाताशी, आणि ज्या सर्व्हरवर इंटरनेटच नाही तिथे याची किंमत कळते. पण आत शिरलेलं मॉड्यूल सहजी हलत नाही. एचटीटीपीसाठी यूआरएललिब आहे, तरी पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की बाबांनो, रिक्वेस्ट्स ही बाहेरची लायब्ररी वापरा. सीजीआय, टेलनेटलिब धरून १९ जुनी मॉड्यूल्स काढायचा प्रस्ताव २०१९ चा, ती प्रत्यक्षात गेली ३.१३ मध्ये, म्हणजे २०२४ उजाडलं, आणि त्यातल्या कित्येकांना सांभाळणारं कोणी उरलंच नव्हतं.

गोसुद्धा भरगच्चच, एचटीटीपी सर्व्हर आणि क्रिप्टो (एनक्रिप्शनचं काम) आतच, पण शिस्त जास्त. २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हाच सांगून टाकलं की जुना कोड मोडणार नाही, त्यामुळे रँडमचं पॅकेज पटेनासं झालं तेव्हा जुनं तसंच ठेवून २०२४ मध्ये शेजारी व्ही२ आणलं. दिसायला जरा विचित्र, पण कोणाचं काही तुटलं नाही. शिवाय त्यांची 'एक्स' नावाची वेगळी रिपॉझिटरीज आहेत, तिथे वचन सैल असतं. स्लाइसेस पॅकेज आधी तिथेच रुळलं आणि मग १.२१ मध्ये आत आलं.

रस्ट याच्या अगदी उलट, साधा रँडम नंबर पाहिजे तरी बाहेरचं क्रेट (रस्टमधलं पॅकेज). फायदा असा की वन्ससेल (एकदाच भरायची किंमत साठवणारं क्रेट) बाहेर वर्षानुवर्षं वापरून पक्कं झालं आणि मगच तसल्या गोष्टी १.७० आणि १.८० मध्ये स्टँडर्डमध्ये घेतल्या. तोटा म्हणजे छोट्याशा टूललाही डिपेन्डन्सींची, म्हणजे ज्यावर ते अवलंबून आहे अशा बाहेरच्या पॅकेजेसची, रांग लागते, आणि कोणतं क्रेट भरवशाचं हे नवख्याला कोण सांगणार? (जावास्क्रिप्टवाल्यांचं २०१६ मध्ये काय झालं ते आठवा: ११ ओळींचं लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने अचानक काढून घेतलं आणि कित्येकांचे प्रोजेक्ट अडकले.)

रुबीची वाट मला सगळ्यात शहाणी वाटते. सीएसव्ही सोबतच मिळतं, पण ३.४ पासून बंडल्ड जेम म्हणून (जेम म्हणजे रुबीचं पॅकेज, इथे लँग्वेजसोबत येणारं पण वेगळं सांभाळलेलं), त्याचं व्हर्जन वेगळं, फिक्स आला तर लँग्वेजच्या रिलीजची वाट बघायला नको. फक्त बंडलर (प्रोजेक्टचे जेम्स सांभाळणारं टूल) वापरत असाल तर जेमफाइल या त्याच्या यादीत एक ओळ जास्त लिहावी लागते, तेवढी कटकट.

एक मात्र आहे, तारीख-वेळ, एरर, स्ट्रिंग असले टाइप पहिल्या दिवसापासून आतच पाहिजेत, नाहीतर दोन लायब्रऱ्या एकमेकींशी बोलणार कशा, दोघींचा टाइम वेगळा! आणि ते नीट विचार करून. जावाचा डेट १९९६ चा, महिने शून्यापासून मोजणारा. धड पर्याय आला २०१४ मध्ये जावा ८ सोबत, आणि तो जुना डेट अजूनही तिथेच बसलाय.

म्हणून दोन-तीन जणांची टीम असेल तर आत रस्टइतकंच ठेवा आणि बाकीचं रुबीसारखं वेगळ्या व्हर्जनने सोबत द्या; मोठी टीम पाठीशी असेल तरच गोच्या वाटेला जा. रेग्युलर एक्सप्रेशनचं (मजकुरात नमुने शोधायची सोय) काय करायचं हे मात्र माझंही अजून ठरत नाहीये, रस्टने ते बाहेर ठेवून स्वतःच सांभाळलंय, सध्या तरी मी तेच उचलणार.