घाण्याच्या तेलाला मिळालेला पाकळीचा ल

लातूरला आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, तीळ, जवस काढतो, पण खरं नाव आहे ते करडईच्या तेलाचं. लोगो, बाटलीचं लेबल, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, बिलबुक आणि वेबसाईट हे सगळं काम मी दोघा डिझाईनवाल्यांकडून करून घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. वर्षभर वापरून मगच लिहायचं असं तेव्हाच ठरवलं होतं.

यांच्याआधी एकदा चांगलीच पोळले आहे. फोनवर ओळख झालेल्या एकाकडून स्वस्तात लोगो करून घेतला होता. हिरवं पान आणि त्यावर तेलाचा थेंब. बचत गटांच्या एका प्रदर्शनात माझ्यापासून चौथ्या स्टॉलवर तोच थेंब, तेच पान, दुसऱ्याच्या बाटलीवर! त्यांनाही कुणीतरी विकलेला. मला फाईल म्हणून एक जेपीजी, म्हणजे साध्या फोटोसारखी फाईल दिलेली, ती दहा फुटी फ्लेक्सवर लावली तर अक्षरांच्या कडा फुटल्या. आणि वेबसाईटचं डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला तिप्पट पैसे मागितले, शेवटी ते नाव मी सोडून दिलं. ट्रेडमार्कसाठी वकिलांकडं गेले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "हे चिन्ह तुमचं स्वतःचं आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून यांच्याकडं गेले तेव्हा आधीच सांगून टाकलं, काम कमी करा पण जे कराल ते माझं असू द्या.

दोघंच जण आहेत. मुलगा आधी गंजगोलाईजवळच्या प्रेसमध्ये डीटीपी करायचा, मुलगी वेबसाईटचं बघते. मुलगा पहिल्यांदा आला तो लॅपटॉप न घेता. करडईची एक घाणी पूर्ण निघेपर्यंत स्टुलावर बसून होता. साडेतीन-चार किलो करडईतून लिटरभर तेल निघतं हे ऐकून त्यानं पेंड हातात घेऊन चोळून बघितली. मग विचारलं, "काकू, तुमची बाटली लोक पहिल्यांदा कुठं बघतात?" मी म्हटलं, फोनवर. पुण्याला नोकरीला असलेली पोरं दिवाळीला येतात, पाच लिटरचे कॅन घेऊन जातात आणि तिकडच्या शेजाऱ्यांना फोटो पाठवतात. "मग अंगठ्याएवढ्या फोटोत वाचता आलं पाहिजे," एवढं बोलून तो गेला.

आठ दिवसांनी तीन नमुने आणले. दोन ठीक होते. तिसऱ्यात ना थेंब, ना पान, ना घाण्याचा बैल. फक्त आमचं नाव आणि खाली ‘घाण्याचं तेल’ ही अक्षरं. त्यानं माझ्यासमोर कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं दोन ल काढले. एकाला उजवीकडं उभी दांडी, हिंदी पुस्तकात असतो तसा. दुसरा आपण शाळेत गिरवलेला, मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना गोल पाकळ्या. म्हणाला, बऱ्याच फॉन्टमध्ये दांडीचा ल आपोआप येतो, लोकांना दोन्ही वाचता येतात म्हणून कुणी बदलत नाही. 2022 मध्ये राज्य सरकारनंही पाकळीयुक्त ल वापरायचा निर्णय काढलाय, हेही त्याच्याकडूनच कळलं. मग त्यानं ‘तेल’मधल्या ल च्या दोन पाकळ्या केशरी-पिवळ्या रंगवल्या, करडईचं फूल असतं तशा. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तर करडीचं फूल हाय की." त्यांना आधी कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्याच क्षणी मी तिसरा नमुना नक्की केला.

लेबलाचं काम मला लोगोइतकंच मोलाचं वाटतं. तेलाच्या बाटलीवर साधा कागदी स्टिकर टिकत नाही. ओघळ लागला की कागद पारदर्शक होतो, शाई पसरते. यांनी कागदाचा, लॅमिनेशन केलेला आणि प्लॅस्टिकचा असे तीन नमुने आणले, माझ्याच घाण्याचं तेल बोटानं तिन्हींवर चोळलं आणि रात्रभर तसेच ठेवायला सांगितले. सकाळी कागदी लेबलावरची एमआरपी वाचता येत नव्हती. प्लॅस्टिकचं महाग पडतं, तरी तेच घेतलं.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लागले, त्यात माझा संक्रांतीचा हंगाम गेला. तीळ आणि शेंगदाण्याच्या तेलाला त्या दिवसांत मागणी असते, ते नुकसान माझं मलाच सोसावं लागलं. लेबलाच्या प्रूफमध्ये एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या नंबरात तेराच आकडे होते. चौदा लागतात. मी एकेक आकड्यावर बोट ठेवून मोजले म्हणून सापडलं, नाहीतर पाच हजार लेबलं छापून झाली असती. चूक त्यांनी लगेच मान्य केली, पण असा नंबर दोघांपैकी एकानं तरी ताडून बघायलाच हवा. आणि रंग. स्क्रीनवर झळाळणारा केशरी छापल्यावर विटकरी दिसायला लागला, मला खरंच रडू आलं. छपाईच्या चार शायांत तेवढा तेजस्वी केशरी बसत नाही, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. नंतर तो मुलगा स्वतः प्रेसवर उभा राहिला, पिवळा वाढवून घेतला. आता बराच जवळ आलाय, पण स्क्रीनसारखा नाही तो नाहीच.

कार्डावरचा फोन नंबर पहिल्या खेपेला फारच बारीक होता, सांगितल्यावर मोठा करून दिला. लेटरहेड, बिलबुक नीट आहेत, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

वेबसाईट एकच पान आहे. चार तेलं, आजचा भाव, घाण्याचा नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण. प्रेसमध्ये जुन्या फॉन्टात टाईप केलेला आमचा मजकूर वेबसाईटवर टाकला की नुसती चिन्हंच दिसायची. त्या मुलीनं तो सगळा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाईप केला आणि वाचून माझ्याकडून दुरुस्त करून घेतला. फोटो इतके हलके केलेत की रेणापूरकडच्या माझ्या माहेरी, जिथं रेंज येते-जाते, तिथंही पान उघडतं. भाव बदलायला मला कुणाला फोन करावा लागत नाही, रोज सकाळी मीच बदलते. डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो.

लोगोचे सहा हजार, लेबल आणि स्टेशनरीच्या डिझाईनचे साडेचार, वेबसाईटचे बारा हजार घेतले. छपाई, डोमेन, होस्टिंग वेगळं. लातूरच्या मानानं कमी नाहीत, पण मला एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही. खाद्यतेल ट्रेडमार्कच्या 29 व्या वर्गात येतं, तिथं छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी 4500 आहे. तो अर्ज आता केलाय. वकिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा लोगो माझ्या मालकीचा असल्याचं यांनी लिहून दिलेलं पत्र आणि पेन्सिलीचे कच्चे कागद मी टेबलावर ठेवले.

मागच्या महिन्यात टेम्पोवर रेडियम लावून घेतलं. रेडियमवाला नेहमीसारखा म्हणाला, "ताई, फोटोवरून नीट निघत नाही, सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी लोगोची मूळ फाईल. ती असलेला पेनड्राईव्ह पुढं केला. अर्ध्या तासात फाळक्यावर चार फुटी अक्षरं लागली होती, कडा सुरीनं कापल्यासारख्या आणि शेवटच्या ल ला दोन केशरी पाकळ्या.