खाऱ्या वाळूसाठी पल्स इंडक्शन की मल्टी-फ्रीक्वेन्सी मेटल डिटेक्टर?
कोरड्या वाळूत साधा सिंगल-फ्रीक्वेन्सी (एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारा) डिटेक्टरही चालतो. ओल्या खाऱ्या वाळूतून मात्र वीज वाहते, आणि तो उगाच किरकिरत बसतो. म्हणून खरी निवड पल्स इंडक्शन (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारा) आणि मल्टी-फ्रीक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारा) या दोघांतच.

खोलवर शोधण्यात पल्स इंडक्शन पुढे. मीठ, काळी (लोहयुक्त) वाळू यांचा त्याला फारसा त्रास नाही. पण लोखंड ओळखण्यात कच्चा. गंजका खिळा असो वा अंगठी, आवाज करणारच. वीस खड्ड्यांतून बाटल्यांची झाकणं निघाली की कंबर बोलायला लागते!

मल्टी-फ्रीक्वेन्सी स्क्रीनवर धातूचा अंदाज देणारा आकडा दाखवतो. तरी सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची अ‍ॅल्युमिनियम कडी यांचे आकडे जवळपास सारखेच; तिथे खणणं चुकत नाही.

धुणं दोन्हींना, गोड्या पाण्याने.

कचरा कमी, शोध खोल असेल तर पल्स घ्या. गर्दीचा किनारा किंवा पहिलाच डिटेक्टर असेल, तर मल्टी-फ्रीक्वेन्सी.