रुपयांची मालिका पूर्ण करताना: सराफ बाजार, लिलाव की ऑनलाइन?

पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांच्या चांदीच्या रुपयांची वर्षवार मालिका सोलापुरात राहून जमवायला घेतली, तर एक-दोन वर्षांत अल्बममधली बहुतेक वर्षांची घरे भरतात आणि मग काम एकदम थांबते. पंचम जॉर्जचे रुपये 1911 ते 1922 या बारा वर्षांचे आहेत. त्यानंतर दीर्घ खंड पडून सहाव्या जॉर्जचे रुपये 1938 पासून 1945 पर्यंत येतात, आणि 1947 चा रुपया निकेलचा असल्याने तो चांदीच्या मालिकेत धरला जात नाही. या वीस वर्षांपैकी 1911, 1921, 1922 आणि 1939 ही चार घरे माझ्याकडे दीर्घकाळ रिकामी होती. ती कोठून भरावीत, याविषयी नव्या संग्राहकांकडून नेहमी विचारणा होते. आपल्यासमोर तीन मार्ग आहेत: गावातला सराफ बाजार, पुण्या-मुंबईची प्रदर्शने आणि लिलाव, आणि ऑनलाइन खरेदी. ‘यांत चांगला कोणता’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण ही चार वर्षे एकाच कारणाने दुर्मिळ झालेली नाहीत आणि त्यामुळे ती एकाच ठिकाणी सापडत नाहीत.

1921 आणि 1922 ही वर्षे मुळातच कमी नाणी पाडली गेल्यामुळे अवघड आहेत. पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली होती, की अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्याखाली स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी चांदी पुरवली, आणि त्या एका वर्षात मुंबई व कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून 40 कोटींहून अधिक रुपये पाडले. त्या तुलनेत 1921 चे रुपये सुमारे 51 लाख आणि 1922 चे सुमारे 20 लाख आहेत, आणि तेही फक्त मुंबईचे. असे असले तरी ही नाणी लोकांच्या हातांत गेली, वापरली गेली, घराघरांत साठवली गेली. म्हणून ती आजही घराघरांतूनच बाहेर येतात.

1911 च्या रुपयाची गोष्ट निराळी आहे. राजाच्या झग्यावरील माळेतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणे मागे घेतले गेले आणि 1912 पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. सुमारे 94 लाख नाण्यांपैकी सुमारे सात लाखच चलनात आली होती आणि उरलेली वितळवली गेली, असे मानले जाते. तरीही ‘डुक्कर छाप’ म्हणून प्रसिद्धी मिळाल्यामुळे लोकांनी ती जपून ठेवली, आणि पैसे मोजायची तयारी असेल तर हा रुपया मिळतो. खरा अडसर 1939 चा आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोक चांदी दडवू लागले, 1940 मध्ये रुपयातली चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली गेली, आणि 1939 चा मुंबईचा रुपया जवळजवळ चलनात न येताच नाहीसा झाला. जुने पूर्ण चांदीचे रुपयेही 1941 ते 1943 या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढले गेले, त्यामुळे किती नाणी मुशीत गेली असतील याची कल्पना करता येते.

आता सराफ बाजाराकडे येतो. सोलापूरच्या सराफांकडे राणी छाप आणि राजा छाप रुपये अजूनही येतात. कोणी आजीचे गाठोडे मोडायला आणते, कोणी लग्नाच्या खर्चासाठी डबा उघडते, आणि आसपासच्या लमाण तांड्यांवरचे जुने दागिने मोडले जातात तेव्हाही त्यांतून नाणी निघतात. जिल्ह्याची सीमा पूर्वीच्या निजामी मुलखाला लागून असल्यामुळे त्याच ढिगात चारमिनारचे, म्हणजे निजामाचे, हाली रुपयेही मिसळलेले असतात. बंद्या, म्हणजे ब्रिटिश, रुपयापेक्षा ते किंचित हलके असतात. बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि जुन्या सराफांनी तो वजन म्हणूनच वापरलेला आहे. येथे किंमत प्रामुख्याने चांदीच्या दरावर ठरते, आणि हाच या मार्गाचा सर्वांत मोठा फायदा आहे. 1921 चा रुपया मला असाच, वर्षासाठी वेगळे पैसे न मोजता, नाण्यांचा ढीग एकेक करून चाळताना मिळाला.

मात्र या मार्गाच्या मर्यादा स्पष्ट समजून घ्याव्यात. दागिन्यातून आलेल्या नाण्याला ओवण्यासाठी कान, म्हणजे कडी, लावलेला असतो, आणि तो काढला तरी कडेवर डाखाची खूण राहते. असे नाणे घर भरते, पण पुढे विकताना त्याची किंमत फार पडते. दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनासाठी नाण्यांना उजाळा देऊन ती पांढरीशुभ्र करण्याची पद्धत आहे, आणि असे घासलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने कायमचे खराब झालेले असते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर न जाता लग्नसराई संपल्यावर, मोड भरपूर आलेली असताना जावे, दुकानात गर्दी नसलेली वेळ निवडावी, आणि सराफाला पोते न उपसता चाळण्याची परवानगी आधी विचारावी. वर्षानुवर्षे एकाच दुकानी गेल्यास ते स्वतःहून नाणी बाजूला काढून ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरा मार्ग पुण्या-मुंबईचा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन प्रदर्शन पाहून रात्री परतता येते, आणि एकाच छताखाली अनेक विक्रेते असल्यामुळे एकाच वर्षाची चार-पाच नाणी शेजारी शेजारी ठेवून झीज, कड आणि चेहऱ्यावरचे बारकावे ताडून पाहता येतात. सराफाकडे ही सोय कधीच नसते. 1911 चा रुपया मी प्रदर्शनातच घेतला, कारण हत्तीचा तपशील जिथे झिजून गेला आहे अशा नाण्यासाठी जास्त पैसे देण्यात मला अर्थ वाटत नव्हता आणि ती तुलना समोरासमोरच होऊ शकते. लिलावात नाण्याचे छायाचित्र, वजन आणि दर्जा कॅटलॉगमध्ये छापलेला असतो आणि लिलावापूर्वी लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेले नाणे, हातात घेऊन पाहता येतो. खर्च मात्र अंतिम बोलीवर थांबत नाही. तिच्यावर खरेदीदाराचे कमिशन आणि कर द्यावा लागतो. मनाशी कमाल रक्कम ठरवताना हे सर्व धरूनच ठरवावे, कारण बोलीच्या भरात ते हमखास विसरले जाते.

तिसऱ्या मार्गाविषयी मी मुद्दाम सावध लिहीत आहे. ऑनलाइन खरेदीत निवड सर्वांत मोठी आहे आणि घरबसल्या दर कळतो, हे खरे. परंतु 1939 चा रुपया म्हणून मी ऑनलाइन विकत घेतलेले नाणे प्रत्यक्षात 1938 चे निघाले. शेवटच्या आठाचा खालचा भाग कोरून त्याचा नऊ केलेला होता. भिंगाखाली पाहिल्यावर त्या अंकाभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट पृष्ठभाग, इतर अंकांभोवतीच्या जमिनीपेक्षा खडबडीत आणि किंचित खोलगट दिसत होती. वजन आणि चांदी दोन्ही अस्सल असल्यामुळे तराजू तेथे काहीच सांगू शकत नव्हता. विक्रेत्याने नाणे परत घेतले नाही. छायाचित्रात ही फसवणूक ओळखणे फार कठीण आहे, म्हणून 1939 साठी हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. समाजमाध्यमांवर जुनी नाणी लाखो रुपयांना विकत घेण्याचे दावे करून आधी शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे, तोही लक्षात ठेवावा. या मालिकेतली 1912 ते 1920 आणि 1940 ते 1945 ही सुलभ वर्षे मात्र नावाजलेल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेण्यास हरकत नाही, कारण त्यांत बनावट करण्याइतका नफा नसतो.

कायद्याची बाजू तिन्ही मार्गांना लागू आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पंचम जॉर्जचे सर्व रुपये आता त्या मर्यादेत आलेले आहेत. म्हणून दर्जा ठरवून घेण्यासाठी ते परदेशातील संस्थेकडे पाठवण्याचा विचार करू नये. नांगरताना किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना नाणी सापडली असे सांगून कोणी ती विकू पाहिले, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक असते, हे त्याला सांगावे आणि व्यवहार टाळावा. सराफाकडूनही पावती घ्यावी आणि तिच्यावर वर्ष लिहून घ्यावे.

माझ्यासारखी चार घरे रिकामी असतील तर मी पुढील क्रम सुचवीन. 1921 आणि 1922 साठी वर्षभर सराफ बाजार चाळत राहावे. कान नसलेले आणि उजाळा न दिलेले नाणे आले तर थोडे झिजलेले असले तरी घ्यावे, आणि वर्ष सरूनही 1922 न मिळाल्यास तो प्रदर्शनातून घ्यावा. 1911 साठी सराफाची वाट न पाहता सरळ पुण्याला जावे. 1939 केवळ लिलावातून, लॉट स्वतःच्या भिंगाखाली पाहून, पूर्ण पावतीसह घ्यावा, आणि तोपर्यंत त्या घरात दुसरे काही बसवू नये. माझ्या संग्रहात ते घर अजून रिकामे आहे. कोरलेल्या नऊचे ते नाणे मी वेगळ्या पाकिटात ठेवले आहे आणि नव्या संग्राहकांना भिंगासह दाखवतो.