गावच्या शाळेचा इतिहास लिहायचाय: स्मरणिका आधी की जनरल रजिस्टर?

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या गावच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतला की दोन गोष्टी हाताशी येतात: महोत्सवाची स्मरणिका आणि मुख्याध्यापकांच्या कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची क्रमांकानं नोंद असलेलं बुक.

स्मरणिका चटकन मिळते. मुख्याध्यापकांची यादी, देणगीदार, जुने ग्रुप फोटो एका जागी सापडतात. रजिस्टरात यातलं काहीच नसतं. पण स्मरणिकेतला ‘स्थापना’ हा शब्द फार छळतो. संस्था निघाली ते साल, पहिला वर्ग भरला ते, मान्यता मिळाली ते की इमारत झाली ते? बहुधा सांगितलेलंच नसतं. रयत शिक्षण संस्थेचं बघा. स्थापना १९१९ ची, कराड तालुक्यातल्या काले गावी. साताऱ्यात बोर्डिंग निघालं १९२४ ला. दोन्ही सालं खरी, पण साताऱ्याच्या बोर्डिंगचा इतिहास लिहिताना पहिलं धरलं की पाच वर्षं चुकली. शिवाय नवी स्मरणिका जुनीतलीच ओळ उतरवून घेते, म्हणून दोन स्मरणिका जुळल्या तरी तो पुरावा होत नाही.

रजिस्टर तारखेनं बोलतं. साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद झाली. त्या एका ओळीमुळे राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

अर्थात रजिस्टरही जपूनच वाचावं. क्रमांक १ चा मुलगा थेट चौथीत दाखल दिसला, तर आधीचं बुक गहाळ असण्याची शक्यता धरा. १ जून ही जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते. तिच्यावरून वयाचा हिशेब मांडू नका. जुनी पानं मोडी लिपीत असली तर जाणकार सोबत हवा. तासगाव, वाळव्याकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा ‘सातारा’ असतो, कारण दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० चं.

वेळ दोनच दिवसांचा असेल तर मी तरी रजिस्टरच आधी मागेन. पहिली प्रवेश तारीख, पहिल्या मुलीचं नाव आणि दर दहा वर्षांतली ‘शाळा सोडल्याचं कारण’ या रकान्याची पानं उतरवून घ्यावीत. स्मरणिका मग फोटोंखालची नावं जुळवायला उघडावी. जातीचा रकाना नावासकट मात्र छापू नये.